रज, श्वास आणि सुतारशाळा : निदानपरिवर्जन कोणी करावयाचे?

श्वास आणि कास यांच्या हेतूंची यादी आपणा सर्वांस विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत असते. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात श्वासाचे हेतू सांगताना आरंभीच रजाचा उल्लेख केला आहे. धूम व वात त्यानंतर येतात. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात कासाच्या हेतूंमध्ये धूम आणि रज यांची जोडी घातली आहे आणि प्रतिश्यायाच्या हेतूंतही रज आहेच. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आपण हे सर्व क्रमाने लिहिले आणि त्याचे गुणही पदरात पडले. त्यानंतर प्रत्यक्ष व्यवसायात समोर बसलेल्या श्वासाच्या रुग्णास 'तुमच्या वाट्याला येणारा रज कोणता, तो कोठून उडतो आणि दिवसातील किती तास तुमच्या नाकात जातो?' असे आपल्यापैकी किती जणांनी विचारले असेल? इतरांविषयी आम्ही बोलू इच्छित नाही. आमच्यापुरते सांगावयाचे तर एका रुग्णास आम्ही हा प्रश्न तब्बल चौदा महिने विचारला नव्हता. प्रस्तुत लेखाचे कारण तेच आहे.

हे गृहस्थ कान्हे येथील. पुणे-लोणावळा लोकलमार्गावर वडगाव व कामशेत यांच्या मधले हे स्थानक. कान्हे फाट्यावरून टाकवे व आंदर मावळाकडे रस्ता फुटतो. गेल्या काही दशकांत मावळात बंगले आणि शेतघरे मोठ्या संख्येने उभी राहिली आणि त्यांच्या दारे-खिडक्या, कपाटे, झोपाळे यांचे काम गावोगावच्या सुतारांकडे आले. हे काम कारखान्यात होत नाही. ते घराच्या पडवीत, अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा एखाद्या रिकाम्या गोठ्यात होते. आमचे रुग्ण वयाने सेहेचाळीस वर्षांचे, कफप्रधान प्रकृतीचे, निर्व्यसनी आणि वारकरी. पहाटे शिंकांची मालिका, दिवस कलताना छाती भरून येणे, रात्री दोन वाजता उठून बसावे लागणे, अशी लक्षणे. आम्ही सितोपलादि दिले, वासावलेह दिला, कनकासव दिले. वसंतात यथाशास्त्र वमनही दिले. प्रत्येक वेळी थोडा उपशम मिळे आणि तीन-चार आठवड्यांत गाडी पूर्वपदावर येई. आम्ही रुग्णाच्या पथ्यास दोष दिला, दह्यास दिला, मावळच्या पावसासही दिला.

आषाढी वारीहून परतल्यावर ते सहज म्हणाले, "डॉक्टर, वारीत एक दिवसही पंप लागला नाही बघा." पावसात भिजून, उघड्यावर झोपून, मिळेल ते खाऊन हा मनुष्य पंधरवडाभर चालला आणि त्याला श्वासाचा वेग आला नाही. घरी येऊन पुन्हा कामास बसल्यावर तिसऱ्या रात्री तो उठून बसला. इतके स्पष्ट उपशयात्मक निदान रुग्णानेच आमच्या हाती ठेवले होते. त्या दिवशी आम्हास प्रथमच त्यांचे घर पाहावेसे वाटले.

पडवी असेल बारा फूट लांब आणि नऊ फूट रुंद. तीत मोटारीची करवत, रंधा मशीन, राऊटर आणि हातात धरावयाचा सॅन्डर. पडवीतून आत जाणारे जाळीचे दार थेट स्वयंपाकघरात उघडे. तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर, माठावरील झाकणावर, देवघरातल्या तसबिरींच्या काचांवर सगळीकडे पिवळसर पूड बसलेली. संध्याकाळी त्यांच्या पत्नी पडवी झाडत आणि ते स्वतः ब्लोअरने यंत्रे व अंगावरचे कपडे साफ करीत. म्हणजे दिवसभर खाली बसलेला रज दिवसाअखेरीस पुन्हा एकदा हवेत उडविला जात असे. घरातील सहा वर्षांच्या नातवासही रात्री खोकला असतो हे तेथे कळले. त्या मुलावर दुसऱ्या एका वैद्यांचे उपचार चालू होते आणि त्या वैद्यांनीही घर पाहिलेले नव्हते.

कौलांत बसविलेल्या काचेतून दुपारचा एक कवडसा पडवीत उतरला होता. त्यात कण नुसते तरंगत नव्हते, त्यांचा जणू एक खांबच उभा होता. शार्ङ्गधराचार्यांनी मानपरिभाषा सांगताना झरोक्यातून येणाऱ्या सूर्यकिरणात दिसणाऱ्या सूक्ष्म कणास वंशी अथवा त्रसरेणु म्हटले आहे आणि तो तीस परमाणूंचा मानला आहे. मानाच्या कोष्टकाची ही पहिली पायरी आपण केवळ पाठ करावयाची म्हणून पाठ करतो. वस्तुतः ते एक उत्तम परीक्षासाधन आहे. इंग्लंडमध्ये कामाच्या ठिकाणची धूळ तपासणारे लोक हीच युक्ती आजही वापरतात: जागा अंधारी करून प्रखर दिव्याचा झोत धुळीच्या जागी सोडावयाचा आणि झोताच्या समोरून, किंचित बाजूस उभे राहून पाहावयाचे. एरवी स्वच्छ वाटणारी हवा या झोतात दाट धुक्यासारखी दिसू लागते. त्यासाठी एका चांगल्या बॅटरीपलीकडे काहीही लागत नाही. नाडी पाहावयास जितका वेळ लागतो तितक्यात हे पाहून होते.

येथे धुळीचे थोडे गणित सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावाचून पुढील उपाय समजणार नाही. मनुष्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. करवतीचा जाड भुसा त्याहून कितीतरी मोठा. तो पायाशी पडतो आणि नाकात गेलाच तरी शिंकेबरोबर बाहेर येतो. त्याची भीती नाही. दहा मायक्रॉनहून लहान कण नाकाची व घशाची चौकी ओलांडतात आणि चार-पाच मायक्रॉनच्या आतले फुप्फुसाच्या शेवटच्या कोष्ठकांपर्यंत पोहोचतात. शांत हवेत दहा मायक्रॉनचा कण दोन मीटर उंचीवरून खाली बसावयास दहा-बारा मिनिटे घेतो. कणाचा व्यास अर्धा झाला की हा काळ चौपट होतो. एक मायक्रॉनच्या कणास तेवढेच अंतर उतरावयास पंधरा-सोळा तास लागतात आणि घरातली हवा इतकी शांत कधीच नसते. रात्री नऊ वाजता यंत्रे बंद करून सुतार झोपतो तेव्हा त्याच्या उशाशी सकाळी कापलेले लाकूड अजून तरंगत असते. रात्री दोन वाजताच्या श्वासवेगात वाताच्या काळाचा भाग असेल, नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु तेवढेच पुरे मानणे आता आम्हास जमणार नाही.

यावर एक आक्षेप आमच्या मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ वैद्यांनी घेतला. सुतारकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, बलुतेदारीच्या काळापासून सुतार भुशातच वाढला, त्यास तो ओकसात्म्य झालेला असतो, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप आदरपूर्वक विचारात घेण्याजोगा आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यावयास हवे. आजोबांच्या हातात हातकरवत, रंधा व पटाशी होती. त्यांतून निघत होत्या त्या ढलप्या आणि जाड भुसा. काम झाडाखाली किंवा उघड्या ओसरीत होई. आजच्या सॅन्डरचा पट्टा वा तबकडी मिनिटास हजारो वेळा फिरते आणि लाकडाचे अक्षरशः वस्त्रगाळ चूर्ण करते. शिवाय आज जे घासले जाते ते पुष्कळदा लाकूडही नसते. एमडीएफचा तक्ता म्हणजे लाकडाचे तंतू युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या डिंकाने दाबून बसविलेले. ज्या द्रव्याशी आजोबांची कधी गाठच पडली नाही ते नातवास सात्म्य कसे होणार?

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक होता. सुश्रुताचार्यांच्या सालसारादि गणात खदिर, शिंशपा, असन, चंदन आणि शाक म्हणजे आपला सागही आहे. या वृक्षांचे सार आपण कुष्ठ-प्रमेहादि विकारांत औषध म्हणून योजतो, मग तेच अहितकर कसे? याचे उत्तर आपल्याच शास्त्रात आहे. द्रव्य एकच असले तरी मात्रा, कल्पना आणि मार्ग बदलला की त्याचे कर्म बदलते. खदिराचा क्वाथ पोटात घेणे वेगळे आणि खदिराचा सूक्ष्म रज प्राणवह स्रोतसात साठविणे वेगळे. सागाच्या भुशाने हातांस व मानेस कंडू येणे, शिसवीच्या पुडीने त्वचेवर पुरळ उठणे हे सुतारांस ठाऊक असते. वैद्यांस बहुधा नसते, कारण सुतार ते सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

मात्रेचा विचार निघाला आहे तर तोही करू. ब्रिटनमध्ये कठीण लाकडाच्या धुळीची कामाच्या जागेवरील मर्यादा पूर्वी दर घनमीटर हवेस पाच मिलिग्रॅम होती. २०२० मध्ये ती तीनवर आणण्यात आली. मेहनतीचे काम करणारा मनुष्य आठ तासांत सुमारे दहा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे मर्यादेच्या आत राहूनही दिवसास तीस मिलिग्रॅम, आपल्या हिशेबाने पाव गुंज. श्वासकुठाराची मात्रा देताना आपण गुंजेच्या भागांचा विचार करतो. सुताराच्या नाकावाटे रोज जाणाऱ्या या विनानुपान मात्रेचा मात्र कोणी विचार करीत नाही. आणि बंद पडवीत सॅन्डर चालविणाऱ्याची मात्रा पाव गुंजेवर थांबत असेल असे आम्हास वाटत नाही.

श्वासाहून गंभीर अशी एक गोष्ट येथेच नोंदवितो. इंग्लंडातील हाय विकम हे लाकडी खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. तेथील कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस्मी हॅडफिल्ड यांच्या ध्यानात आले की नाकाच्या आतील एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग त्यांच्या रुग्णांत वारंवार आढळतो आणि हे रुग्ण फर्निचरच्या कामातले असतात. त्यांनी मॅकबेथ व अ‍ॅचेसन यांच्यासह केलेला अभ्यास १९६८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीस मानवात निश्चितपणे कर्करोगकारक अशा पहिल्या गटात घातले. २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडही त्याच गटात गेले. धुळीचा संपर्क आणि रोगाची उत्पत्ती यांत बहुधा चाळीस-चाळीस वर्षांचे अंतर असते, हे त्यातील सर्वांत फसवे लक्षण. एका गावातल्या एका वैद्यकीय व्यावसायिकेने रुग्णास 'तुम्ही काय काम करता?' हे विचारण्याची सवय ठेवली, त्यातून हे सारे निघाले. आपल्याकडे साठी ओलांडलेला सुतार एकाच नाकपुडीतून रक्त येते, एकच बाजू कायम चोंदलेली असते, अशी तक्रार घेऊन आला, तर त्यास रक्तपित्त अथवा जीर्ण प्रतिश्याय म्हणून महिनोन्‌महिने नस्य देत बसणे हा अपराध होईल. अशा रुग्णास त्याच आठवड्यात नासातज्ज्ञाकडे पाठवावे. याविषयी आमच्या मनात कोणताही किंतु नाही.

आता उपायाकडे वळतो. मास्क बांधा म्हणून सांगणे सर्वांत सोपे. २०२० नंतर एन-९५ हा शब्द गावातल्या प्रत्येकास ठाऊक झाला आहे. परंतु वैशाखात पत्र्याखाली आठ तास मास्क लावून रंधा चालविणे ज्याने करून पाहिले नाही त्याने तो सल्ला फार आग्रहाने देऊ नये. मास्क सुताराचे रक्षण करील, माठाचे आणि नातवाचे करणार नाही. प्रतिमर्श नस्याचे आम्ही पक्षपाती आहोत. कामास बसण्यापूर्वी नाकात गोघृताचे अथवा अणुतैलाचे बोट फिरविल्याने कोरडेपणा व शिंका कमी होतात हा आमचा अनुभव आहे. मात्र तुपाचे बोट म्हणजे धूळ काढण्याची व्यवस्था नव्हे. हेतू चालू ठेवून चिकित्सा करणे म्हणजे गळक्या छपराखाली भांडी ठेवीत बसणे होय.

म्हणून आमचे रुग्ण, फॅब्रिकेशनचे काम करणारा त्यांचा पुतण्या आणि आम्ही असे तिघांनी मिळून धूळ शोषून घेणारी यंत्रणा उभी करावयाचे ठरविले. आम्हास यातले काही कळत होते असे नाही. पहिली चूक म्हणजे समोरच्या भिंतीत मोठा एक्झॉस्ट पंखा बसविला. बॅटरीच्या झोतात दिसले की करवतीपासून पंख्याकडे निघालेला धुळीचा लोट वाटेत सुताराच्या तोंडावरूनच जातो. रज जेथे उत्पन्न होतो तेथेच तो धरला पाहिजे, खोलीभर पसरल्यावर नव्हे. हे तत्त्व १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या चौदाव्या कलमात स्वच्छ शब्दांत सांगितलेले होते: शोषक साधन धुळीच्या उगमाच्या शक्य तितके जवळ असावे आणि तो उगम शक्य तितका बंदिस्त करावा. दोष आमवातासारखा सर्वांगी पसरण्यापूर्वी स्वस्थानीच गाठावा, या आपल्या विचाराहून हे फार निराळे नाही.

दुसऱ्या खेपेस ब्लोअर आणला, त्यास चार इंची पाइप जोडला आणि ब्लोअरच्या तोंडी जाड मांजरपाटाची पिशवी बांधली. भुसा पिशवीत जाऊ लागला, जमीन स्वच्छ राहू लागली आणि सर्वांस आनंद झाला. रात्री झोत टाकून पाहिले तेव्हा पिशवीच्या विणीतून धूर निघावा तशी सूक्ष्म पूड बाहेर पडत होती. जाड भुसा, जो निरुपद्रवी होता, तो आम्ही अडविला होता आणि अपायकारक तेवढे गाळून खोलीत परत सोडत होतो. वस्त्रगाळ म्हणजे काय हे वैद्यास तरी पहिल्याच दिवशी सुचावयास हवे होते. पुढे वाचनात आले की परदेशांतल्या अनेक हौशी सुतारांचीही हीच फसगत झालेली आहे: जमीन लख्ख आणि हवा विषारी.

तिसरी व्यवस्था टिकली. तीत सर्वांत मोठा फरक पडला तो पाइपाने. भुसा आडव्या नळीत न साठता वाहत राहावा यासाठी हवेचा वेग सेकंदास सुमारे वीस मीटर लागतो. या वेगाने चार इंची नळीतून मिनिटास साडेतीनशे घनफूट हवा जाते. सहा इंची नळीतून पावणेआठशेहून थोडी अधिक. करवतीच्या व रंध्याच्या भोवतालची सूक्ष्म धूळ खरोखर ओढून घ्यावयाची तर पहिला आकडा तोकडा पडतो. म्हणून मुख्य नळी सहा इंची घेतली, वळणे कमी व लांब ठेवली आणि सुरकुत्यांची लवचीक नळी शेवटच्या दोन फुटांपुरतीच वापरली, कारण तिच्या आत घर्षण फार. करवतीच्या टेबलाखालचा भाग प्लायवूडने बंद करून त्यास एक तोंड ठेवले आणि पात्याच्या वरच्या बाजूस दुसरे छोटे. सॅन्डरच्या तबकडीस भोके असतात. त्याची बारीक नळी मात्र सूक्ष्म गाळणी असलेल्या वेगळ्या व्हॅक्यूम क्लीनरला जोडली.

ब्लोअरपूर्वी पत्र्याचे एक उंच नरसाळे आहे. हवा त्यात बाजूने शिरते, भोवऱ्यासारखी फिरते, जड कण कडेला फेकले जाऊन खालच्या ड्रममध्ये पडतात आणि हलकी हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. यासच सायक्लोन म्हणतात. याचा दुसरा लाभ असा की चुकून ओढला गेलेला खिळा ब्लोअरच्या पात्यावर आपटून ठिणगी पाडीत नाही. सूक्ष्म लाकूड हवेत मिसळलेले असताना ठिणगी पडणे किती घातक असते हे सांगावयास नको. त्याच कारणास्तव वेल्डिंग व ग्राइंडरचे काम या नळीजवळ करावयाचे नाही, असा पुतण्यास दंडक घातला आहे, आणि प्लास्टिकच्या नळीवर साठणाऱ्या स्थिर विजेसाठी तांब्याची तार गुंडाळून ती यंत्राच्या सांगाड्यास व जमिनीस जोडली आहे.

ब्लोअर व सायक्लोन घराबाहेर, परसातल्या छोट्या शेडमध्ये ठेवले असून हवा परत आत न आणता उंच नळीने बाहेर सोडली आहे. थंड देशांत हे सहसा करीत नाहीत. तापविलेली हवा फुकट जाईल म्हणून महागड्या गाळण्या लावून ती पुन्हा खोलीत घेतात. मावळात हवा तापवावी लागत नाही, मग तो खर्च हवा कशाला? यंत्रणा बांधताना परदेशी चित्रांची हुबेहूब नक्कल न करण्याचा एवढा लाभ आम्ही घेतला. शेजाऱ्याचे अंगण वाऱ्याच्या दिशेस येणार नाही हे पाहिले आणि नळीच्या तोंडावर पावसासाठी टोपी बसविली. आषाढ-श्रावणात ड्रममधला भुसा दमट होऊन आंबतो व त्यास बुरशी येते, म्हणून तो त्या दिवसांत रोज रिकामा करावा लागतो.

यातही एक अनपेक्षित प्रसंग घडला. पहिल्याच दिवशी, पडवीची बाहेरची खिडकी बंद असताना ब्लोअर सुरू केला आणि स्वयंपाकघरातील चुलीचा धूर जाळीच्या दारातून सरळ पडवीत ओढला गेला. जितकी हवा बाहेर जाणार तितकी कोठून तरी आत येणारच, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. रज घालविण्याच्या खटाटोपात आम्ही धूम आणून ठेवला. चरकाचार्यांच्या यादीतील पहिला हेतू गेला आणि दुसरा आला. जाळीच्या दाराच्या जागी घट्ट बसणारे लाकडी दार आले आणि बाहेरची खिडकी कामाच्या वेळी उघडी ठेवण्याचा नियम झाला. त्या दाराचा खरा लाभ नातवास झाला असे आम्ही मानतो. ब्लोअरने कपडे झटकणे बंद झाले आहे. पडवी झाडण्यापूर्वी आता पाण्याचा हबका मारतात.

परिणाम सांगताना अतिशयोक्ती टाळतो. रुग्णाचे औषध सुटलेले नाही, कमी झाले आहे. पीक फ्लो मीटरवर त्यांनी दिवसातून चार वेळा नोंद ठेवली आहे. पूर्वी कामाच्या दिवशी संध्याकाळी आकडा खाली जाई आणि सुट्टीच्या दिवशी जात नसे. आता ही तफावत पुष्कळ घटली आहे, मिटलेली नाही. प्राणवह स्रोतसात एवढ्या वर्षांत जी दुष्टी झाली ती एका पत्र्याच्या नरसाळ्याने नाहीशी होईल अशी अपेक्षाही नव्हती. परंतु मागील वसंतातील वमनाचा उपशम तीन आठवडे टिकला होता, या खेपेचा चार महिने टिकला. वमन तेच, रुग्ण तोच.

अशा घरगुती सुतारशाळांस कोणताही कायदा लागू होत नाही. १९४८ च्या अधिनियमात वीज वापरणारे दहा कामगार असले तरच कारखाना म्हणत. २०२० च्या व्यवसायसुरक्षा संहितेने ती संख्या वीस केली. एक मनुष्य, त्याचा पुतण्या आणि झाडणारी पत्नी यांची गणना कोठेच नाही. कान्ह्याच्या शासकीय रुग्णालयात जाऊनही रुग्णास पंप मिळेल, घर पाहावयास कोणी येणार नाही. घरी जाऊ शकणारा असा एकच चिकित्सक उरतो, तो म्हणजे गावात राहणारा वैद्य. हे अभियंत्याचे काम आहे, आपले नव्हे, असे म्हणणाऱ्यांस आम्ही एवढेच विचारू की निदानपरिवर्जनास आपण चिकित्सेचे आद्य सूत्र मानतो ते रुग्णाने दही सोडण्यापुरतेच आहे काय?

आणि सुताराच्या पडवीकडे बोट दाखविताना आपली चूर्णशाळा विसरून कसे चालेल? औषधनिर्मितीसाठी २००० साली आलेल्या अनुसूची 'टी'मध्ये कामगारांची वार्षिक तपासणी सांगितली आहे. तिचा भर संसर्गजन्य रोग नसावेत यावर आहे, म्हणजे औषधाचे कामगारापासून रक्षण व्हावे यावर. कामगाराचे औषधापासून रक्षण हा विषय तेथे मागे पडतो. स्वतःच्या रुग्णांपुरती औषधे करणारे आपण वैद्य तर त्या अनुसूचीतूनही वगळलेले आहोत. सुताराची पडवी जशी कायद्याच्या बाहेर, तशीच आपली चूर्णाची खोली. इसबगोलाच्या धुळीने औषधकारखान्यांतील कामगारांस व रुग्णालयांतील परिचारिकांस दमा जडल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत; सोनामुखीविषयीही आहेत. सुंठ, मिरी, पिंपळी दळताना शिंका येतात हे आपण विनोदाने सांगतो. ते चूर्ण चाळणारी बाई वर्षानुवर्षे पदर नाकाला लावून बसते, तिचा इतिहास आपण कधी लिहून घेतला आहे काय?

आम्हीही घेतला नव्हता. गेल्या कार्तिकात दळण चालू असताना आम्ही आमच्या खोलीतील दिवे मालवून यंत्रावर बॅटरीचा झोत टाकला. त्रिफळा दळला जात होता. जे दिसले ते कान्ह्याच्या पडवीहून कमी नव्हते. दोन भगिनी आमच्याकडे अनुक्रमे नऊ व अकरा वर्षे चाळण्याचे काम करीत आहेत; त्यांपैकी धाकट्या सकाळी शिंकतात आणि रविवारी शिंकत नाहीत, हे त्यांनी आम्ही विचारल्यावर सांगितले. चूर्णयंत्राच्या तोंडाभोवती बसवावयाचे शोषणमुख आणि चाळणीसाठी काचेची बंद पेटी करण्याचे काम आम्ही आमच्या रुग्णासच दिले आहे. मोजमाप घ्यावयास ते आले, यंत्राभोवती दोनदा फिरले, आणि नळीचा व्यास आम्ही सांगण्यापूर्वीच म्हणाले, "डॉक्टर, चार इंचीच्या नादाला लागू नका, सहा इंचीच घ्या."